नाकतोडे आणि नाक मुरडणारे

अलीकडच्या मराठी प्रवासवर्णनांत एक प्रसंग हटकून येतो. लेखक बँकॉकला किंवा मेक्सिकोला गेलेला असतो. सायंकाळीं बाजारांत हिंडतां हिंडतां त्याला एका गाड्यावर तळलेल्या नाकतोड्यांची रास दिसते. सौभाग्यवती तोंडाला रुमाल लावतात, चिरंजीव छायाचित्र काढतात, आणि लेखक 'शी! शी!' करीत पुढच्या देवळाकडे वळतो. मजकूर छापून आला कीं वाचकहि खूष आणि संपादकहि खूष. आम्हांस या प्रसंगाचा कंटाळा आला आहे. पण नुसता कंटाळाच असता तर लेखणी उचलण्याचें कारण नव्हतें. एखाद्या चर्चच्या रंगीत खिडकीवर तीन पानें खर्च करणारा लेखक एका संबंध लोकसमुदायाच्या अन्नाची वासलात दोन उद्गारचिन्हांत लावतो, आणि त्या उद्गारचिन्हांना आम्ही शिकलेलीं माणसें सुसंस्कृतपणाची खूण समजतों, ही आमची खरी तक्रार आहे.

कोणी नाकतोडे खावेत असा आमचा मुळींच आग्रह नाहीं. जीवहत्येच्या विचारानें जो मांसाहार वर्ज्य करतो त्याच्याशीं आमचें भांडण नाहीं. मध न चाखणारा आणि रेशमाला न शिवणारा जैन गृहस्थ तर आम्हांस अत्यंत सुसंगत वाटतो. परंतु ही सुसंगति आमच्यापैकीं कितीजणांना साधली आहे? जें रेशमी सोवळें नेसून आम्ही देवघरांत पाऊल टाकतों, त्याचा धागा बहुधा कोशांतला किडा वाफेनें किंवा उकळत्या पाण्यानें मारूनच निघालेला असतो. पंचामृतांतला मध माशीच्या पोटांतून परत आलेला असतो. आणि कोंकणपट्टीविषयीं तर बोलूंच नये! जवळा म्हणजे काय? डोकें, डोळे, मिशा आणि पाय यांसकट कांदा-कोकमाबरोबर परतलेली चिमुकली कोळंबीच कीं नाहीं? सोड्यांच्या खिचडीचा नुसता वास आला तरी ज्यांचें चित्त प्रसन्न होतें, तेच नाकतोड्याचे सहा पाय पाहून दचकतात. वस्तुतः कोळंबी आणि नाकतोडा दोघेहि संधिपाद वर्गांतले. एकाच्या वांट्याला पाणी आलें, दुसऱ्याच्या वांट्याला गवत. ज्याच्या अंगावर कोळंबीनें पित्त उठतें त्याला नाकतोड्यानेंहि तोच त्रास होण्याचा संभव असतो, कारण दोघांच्या स्नायूंतलें एक प्रथिन जवळजवळ सारखें आहे. हें नातें आमच्या शरीराला कळतें, लेखणीला मात्र कळत नाहीं.

आतां त्या मेक्सिकोतल्या गाड्याकडेच परत जाऊं. ओआहाका प्रांतांत नाकतोड्याला 'चापुलिन' म्हणतात. हा शब्द स्पॅनिश लोकांबरोबर आलेला नव्हे. तो तेथील प्राचीन नावात्ल भाषेंतला. मेक्सिको शहरांत चापुल्तेपेक नांवाची प्रसिद्ध टेंकडी आहे, तिचा अर्थच नाकतोड्यांची टेंकडी. पावसाळ्यांत मका आणि लसूणघासाच्या शेतांवर हे नाकतोडे वाढतात. पहांटेच्या गारव्यानें ते सुस्त असतात तोंवर शेतकरी जाळीनें ते गोळा करतात. मग ते मातीच्या तव्यावर लसूण, लिंबू आणि मीठ घालून भाजले जातात. पिकाचा शत्रु पकडल्यानें पीक वांचतें आणि तोच शत्रु विकून चार पैसे मिळतात. शेतकीचा हा केवढा शहाणपणाचा व्यवहार! आमच्या लेखकानें गाड्यावरच्या बाईला एक प्रश्न विचारला असता तर हें सारें त्याला समजलें असतें.

युगांडांतील गोष्ट याहून रसाळ आहे. तेथें 'न्सेनेने' नांवाचा लांब मिशांचा, नाकतोड्याच्या जातीचा कीटक पावसाबरोबर थव्यांनीं येतो, आणि गंडा भाषेंत नोव्हेंबर महिन्याचें नांवच त्यावरून पडलें आहे. मसाका भागांत रात्रीं प्रखर दिवे लावून त्यांच्याजवळ पन्हाळी पत्रे उभे करतात, आणि पत्र्यांखालीं पिंपें ठेवतात. उजेडाकडे झेपावलेले कीटक पत्र्यावरून घसरून पिंपांत पडतात. पंख आणि पाय काढून ते परतले कीं स्वतःच्याच चरबींत तळून निघतात. पण याच गंडा समाजांत न्सेनेने नांवाचें एक कुळ आहे. हा कीटक त्या कुळाचें देवक, आणि म्हणून त्या कुळांतल्यांनीं तो खावयाचा नाहीं! ज्यांच्या घरच्या लग्नांत आजहि देवक बसतें त्या मराठी वाचकांना हें आणखी समजावून सांगण्याची गरज नसावी. जुनी रीत अशी कीं बायकांनीं पकडावेत आणि पुरुषांनीं खावेत. बायकोला बदल्यांत नवें वस्त्र मिळे. ही वांटणी आमच्या वाचकभगिनींना फारशी परकी वाटणार नाहीं.

आमच्या भाषेंत या जातीविषयीं भीति आणि कुचेष्टा एवढेंच आढळतें. संस्कृतांतल्या सहा ईतींत अतिवृष्टि-अनावृष्टींच्या पंक्तीला शलभ बसला. मराठींत टोळधाड आली आणि टोळभैरवहि आला. तरीपण छांदोग्योपनिषदांतील उषस्ति चाक्रायणाची कथा आठवावी. कुरुदेश 'मटची'नें उध्वस्त झाला होता. शंकराचार्य या शब्दाचा अर्थ आकाशांतून कोसळणारा अशनि असा करतात. पण कन्नडांत टोळाला मिडिचे म्हणतात, हें ध्यानीं घेऊन टोळ असा अर्थ करणारेहि पंडित आहेत, आणि आम्हांस तो पटतो. या दुष्काळांत उषस्तीनें हत्तीवाल्याच्या पानांतलें उष्टें कुल्माष मागून खाल्लें. पाणी मात्र घेतलें नाहीं, कारण अन्नावांचून प्राण गेले असते, पाणी दुसरीकडे मिळण्यासारखें होतें. उपनिषद् त्याला हंसत नाहीं. यहुदी धर्मग्रंथानें चार जातींचे टोळ खाद्य ठरविले, इस्लामनें मासा आणि टोळ यांना जबह करण्यापासून सूट दिली. पीक खाऊन गेलेल्या शत्रूलाच खाणाऱ्या वाळवंटांतल्या माणसाला रानटी म्हणावयाचें, तर शहाणपण कशाला म्हणावें?

याच्या उलट टोंकाला हल्लीं एक नवा पंथ निघाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २०१३ मध्यें अहवाल काढून सुमारें दोनशें कोटि लोकांच्या आहारांत कीटक असतात असा अंदाज दिला. युरोपीय संघानें २०२१ मध्यें स्थलांतरी टोळाला खाद्य म्हणून मान्यता दिली. आणि लागलीच कीटकांचें पीठ जगाला तारणार अशी दवंडी सुरू झाली. हा पंथहि आम्हांस मान्य नाहीं. कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरे परगण्यांत मुलांच्या रक्तांत शिसें कोठून आलें याचा शोध घेतां ओआहाकाहून घरच्यांनीं पाठविलेल्या नाकतोड्यांत तें सांपडल्याचें २००७ मध्यें प्रसिद्ध झालें आहे. २०२० च्या मे महिन्यांत अमरावती-नागपुराकडे टोळधाड उतरली, तेव्हां तिच्यावर कीटकनाशकें फवारावीं लागलीं. असा टोळ खा म्हणून सांगणें म्हणजे विष खा म्हणून सांगणेंच होय. त्याच वर्षीं पाकिस्तानांत ओकारा येथें फवारणीपूर्वींच, रात्रीं झाडांवर निजलेले टोळ शेतकऱ्यांकडून किलोला वीस रुपयांनीं विकत घेऊन कोंबड्यांच्या खाद्यासाठीं वापरण्याचा प्रयोग झाला. प्रयोग छोटा, पण त्यांत ढोल नव्हता, विचार होता.

अन्नाविषयींची ही तुच्छता प्रवासवर्णनांत संपती तर एकवेळ चाललें असतें. पण नागालँडांत नाकतोडे आवडीनें खाल्ले जातात, आणि तेथलीं मुलें आमच्या पुण्या-मुंबईंत शिकावयास येतात. २००७ मध्यें दिल्ली पोलिसांनीं ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठीं एक पुस्तिका काढली, तींत बांबूचे कोंब आणि आखुनी यांसारखे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांत गडबड न होईल अशा बेतानें शिजवावेत असा उपदेश होता. ज्या शेजाऱ्यांसाठीं हा उपदेश लिहिला गेला ते आमच्यासारखेच वर्तमानपत्रें आणि मासिकें वाचणारे गृहस्थ. खोली भाड्यानें देतांना 'तुम्ही काय काय खातां?' असें त्या मुलांना विचारलें जातें तेव्हां त्या प्रश्नामागें आमच्या मौजेच्या सदरांतलीं आणि प्रवासवर्णनांतलीं तीं 'शी! शी!' उभीं असतात.

म्हणून आमच्या प्रवासी लेखकांस विनंति आहे. गाड्यापाशीं थोडें थांबावें. भाव विचारावा, हंगाम विचारावा, कोणत्या शेतांतले, कोणीं पकडले, तवा मातीचा कीं लोखंडाचा, हें लिहून घ्यावें. आणि त्या बाईनें चवीसाठीं एक हातावर ठेवलाच, तर 'नको' एवढेंच म्हणावें आणि तिची परवानगी घेऊन मग छायाचित्र काढावें.