शाफ्ट कमजोर नाही, आपली सवय वाईट

पुढच्या एक्सलचा शाफ्ट तुटला की कळंबात सल्ला ठरलेला: "वेल्डिंग मारा, चालतंय." नाही चालत! शाफ्ट तापवून कडक केलेल्या पोलादाचा असतो. वेल्डिंगच्या आचेनं त्याचा कस जातो आणि तो तिथंच परत तुटतो.

ऐन सोयाबीन काढणीत माझी लिलावातली जुनी मिलिटरी जीप अशीच उभी राहिली. नवा शाफ्ट टाकण्याआधी हाऊसिंगमधला तुटका तुकडा नि लोखंडाचा चुरा काढला, तेल आणि सील बदललं. चुरा आत राहिला तर क्राऊन-पिनियन जातंय. मग वाचवलेल्या पैशाचं काय?

"जुन्या गाडीत दम नाही" म्हणणाऱ्यांनी सांगावं, डांबरीवर फोर व्हील कोण टाकून ठेवतं? मीही ठेवलं होतं, कबूल. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. काळ्या चिखलात टायर घसरतो, ताण सुटतो. डांबरावर सुटत नाही, शाफ्टवर येतो. फोर व्हील ट्रॅक्टरलाही हेच लागू.

रानातून रस्त्याला लागलात की आधी फोर व्हील काढा. मग गाडीला नावं ठेवा.