शाळेचा निकाल कसा वाचावा?

गेल्या गुरुवारी सायंकाळी आमच्या गल्लीतील अप्पा एक छापील पत्रक हाती घेऊन मजकडे आले. मी नुकताच तंबोरा लावून बसलो होतो. अप्पांनी ते पत्रक माझ्या पुढ्यात टाकले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "बघा मास्तर, तुमच्या शाळेने काय दिवे लावलेत ते. अठ्ठावन्नावरून सत्तेचाळीस! आता हिच्यापायी मंडळाने पदरचे पैसे का घालवावेत, सांगा."

ज्या शाळेविषयी अप्पा बोलत होते ती आमच्या भागातील नगरपालिकेची मराठी प्राथमिक शाळा. मी तेथे आठवड्यातून दोनदा मुलांना गाणे शिकवावयास जातो, म्हणून अप्पांच्या लेखी ती 'माझी' शाळा. तसे पाहिले तर ती माझीच आहे. माझ्या वडिलांनी तेथेच पाटीवर पहिले अक्षर गिरविले. पुढे ते दरबारात गवई झाले. कलावंत कारखान्याच्या हजेरीपटावर ज्यांची नावे अगदी अखेरीस लागली त्यांच्यापैकी ते एक. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होते, आणि मी जन्मलो तो त्यांच्या पन्नाशीत. अप्पांचे वडीलही त्याच शाळेचे. आज मात्र आम्हा जुन्या घरांतील एकही मूल तेथे नाही. आमची मुले इंग्रजी शाळांच्या मोटारींतून जातात. त्या बाकांवर आता बसतात ती खानदेशातून रंगकाम, गवंडीकाम करावयास आलेल्या लोकांची मुले. ती घरी अहिराणी बोलतात, रस्त्यावर गुजराती बोलतात आणि शाळेत येऊन पुस्तकी मराठी वाचतात.

आमच्या गल्लीतील मंडळाने दोन वर्षांपूर्वी एक चांगले काम केले. गणेशोत्सवाच्या शिलकीतून वस्तीतील एका शिकलेल्या मुलीला दरमहा थोडे मानधन द्यावयाचे, आणि तिने दुपारी तिसरीतील मागे राहिलेली मुले वेगळी घेऊन बसावयाचे, असे ठरले. मुले तिला ताई म्हणतात. हे मानधन पुढे चालू ठेवावे की बंद करावे याचा निर्णय येत्या सभेत व्हावयाचा आहे, आणि त्या निर्णयासाठी अप्पांपाशी पुरावा होता तो हा एक आकडा.

मी गणिती नव्हे. परंतु सोळा मात्रांचा हिशेब ठेवण्यात ज्याचा जन्म गेला त्याला टक्केवारी अगदीच परकी नसते. मी अप्पांना बसविले, चहा सांगितला आणि पत्रकाचे दुसरे पान उलटले. ते अप्पांनी वाचले नव्हते. तिसरीच्या वर्गात मुले एकोणीस. गेल्या वर्षीही एकोणीसच होती. गेल्या वर्षी अकरा मुलांनी अपेक्षित पातळी गाठली, यंदा नऊ मुलांनी. अप्पांच्या अकरा टक्क्यांच्या घसरणीत एवढेच होते: दोन मुले! एकोणीस मुलांच्या वर्गात एका मुलाला ताप आला, एकाने उत्तराचा गोल चुकीच्या ओळीत काळा केला, तरी शाळा पाच-पाच टक्क्यांनी वर किंवा खाली जाते. मोठ्या शहराचा आकडा एका टक्क्याने हलला तरी त्यात हजारो मुले हललेली असतात. लहान वर्गाचा आकडा मुळी स्वस्थ बसतच नाही. ज्याने ही दोन वर्षे शेजारी छापून मध्ये खाली जाणारा बाण काढला, त्याने बाणाशेजारी मुलांची संख्याही त्याच टाइपात छापली असती तर बरे झाले असते.

दुसरी गोष्ट याहून साधी आहे, म्हणून ती हमखास निसटते. गेल्या वर्षीच्या तिसरीतील मुले यंदा तिसरीत नाहीत, ती चौथीत गेली. घसरण म्हणतो ती एकाच मुलाची नव्हे. दोन निराळ्या वर्गांना आपण एकच समजून बोलतो. गेल्या सालच्या मैफलीत एक गवई गायला आणि यंदा दुसरा, तर पहिल्याचा आवाज बसला असे कोणी म्हणेल काय? यंदाच्या एकोणीसांपैकी तीन मुले दिवाळीनंतर आली. त्यांच्या बापांचे काम ज्या इमारतीवर चालते ती पुरी झाली की ती जातीलही. शाळेने एखाद्या मुलाला काय दिले हे पाहावयाचे तर ते आले तेव्हा कोठे होते आणि आता कोठे आहे, हे दोन्ही ठाऊक हवे. पत्रकात फक्त दुसरे आहे.

तिसरी गोष्ट मला माझ्या गाण्याच्या तासाला कळली. वर्गात एक मुलगा आहे, हातावर त्रिताल चांगला धरतो. मी त्याला विचारले, "खाली आली, आता ती धरून समेपर्यंत मात्रा किती उरल्या?" त्याने बोटे न मोजता सांगितले, आठ. हाच मुलगा चाचणीत सोळातून आठ वजा करावयाच्या प्रश्नावर अडला. तो प्रश्न चार ओळींचा होता. कोणी किती आंबे आणले, कोणाला किती दिले, अशा थाटाचा. तिसरी ओळ येईतो पहिली ओळ त्याच्या हातून सुटली होती. कागदावर त्याचा गुण गणितात गेला, खरी अडचण वाचनाची आहे. निकाल वाचणाराने प्रश्नपत्रिका पाहिल्यावाचून गुणांवर बोलू नये, एवढे तरी आपण पाळावे.

वर्तमानपत्रांतून येणारे देशाचे आकडे तर आणखी जपून वाचावे लागतात. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात तिसरीच्या गणिताचा देशाचा आकडा ३०६ होता, ५०० च्या मोजपट्टीवर. त्यानंतर ४ डिसेंबर २०२४ रोजी 'परख'चे सर्वेक्षण झाले. त्यात तिसरीच्या गणिताचे सरासरी गुण शेकडा ६० निघाले. ३०६ ला ५०० ने भागून त्याशेजारी ६० ठेवणारे विद्वान मला भेटले आहेत. त्या दोन पट्ट्याच निराळ्या. २०२१ साली तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावी तपासली होती, २०२४ साली तिसरी, सहावी आणि नववी. शिवाय ही सर्वेक्षणे निवडक शाळांतील निवडक मुले घेतात. त्यांतून जिल्ह्याचा आणि राज्याचा अंदाज निघतो, आपल्या गल्लीतील शाळेचा नव्हे. मात्र एक आकडा तेथे असा आहे की त्याला कसलीच मोजपट्टी लागत नाही: सहावीच्या मुलांपैकी शेकडा ५३ जणांनाच दहापर्यंतचे पाढे येतात. असा आकडा मला आवडतो. त्यात काय येते आणि काय येत नाही हे उघड सांगितलेले असते. 'असर'ची पाहणी २००५ पासून खेड्यापाड्यांत हेच करते. मुलाच्या घरी जाऊन त्याच्यापुढे अक्षरे, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवावयाची, आणि ते कोठवर पोचते ते पाहावयाचे. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी ती गोष्ट वाचू शकणारी मुले २०२२ साली शेकडा १६.३ होती, २०२४ साली २३.४ झाली. आकडा वाढला म्हणून आनंद मानावा, आणि केवढा आहे हे पाहून तो आवरावा.

अप्पांना हे सारे पटत चालले होते, पण त्यांचा मूळ प्रश्न शिल्लक होता. "तुमच्या त्या ताईने काही होते का, ते सांगा."

याचे उत्तर बडोद्याला बाहेरून मागवावयाचे कारण नाही, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. मुंबईत १९९५ साली माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी 'प्रथम' ही संस्था काढली. तिने मुंबईप्रमाणेच आपल्या शहरातील नगरपालिकेच्या शाळांतही 'बालसखी' नेमल्या. वस्तीतीलच शिकलेली तरुणी, महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. वर्गातील मागे पडलेली वीसेक मुले तिने दिवसाकाठी दोन तास बाहेर घेऊन बसावयाचे आणि पहिली-दुसरीचे वाचन आणि आकडेमोड पक्की करून घ्यावयाची. त्याचा खरोखर उपयोग होतो काय, हे २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तपासले. (बॅनर्जींच्या मातोश्री माहेरच्या पाटणकर, आपल्या वाचकांना एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही.) पहिल्या वर्षी शहराच्या १२२ शाळांपैकी ९८ शाळा घेतल्या. काहींत बालसखी तिसरीला दिली, काहींत चौथीला, आणि कोणाला कोठली हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरविले. म्हणजे चांगल्या शाळाच निवडल्या असा आक्षेप राहू नये. वर्षारंभी चाचणी, वर्षाअखेरीस चाचणी. जी मुले गैरहजर राहिली त्यांच्यासाठी पुन्हा शाळेत गेले, आणि तरी सापडली नाहीत त्यांची घरे शोधली. आपल्या पत्रकात गैरहजर मुलांचे काय केले याचा उल्लेखच नाही, तो यासाठी पाहावयाचा. कच्ची मुलेच त्या दिवशी घरी राहिली, तर शाळा शिकविल्यावाचून हुशार होते.

निकाल असा की, दुसऱ्या वर्षाअखेर बालसखीच्या शाळांतील सर्व मुलांची सरासरी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढली. हे शब्द ऐकून अप्पांनी कप खाली ठेवला. सोपे करून सांगावयाचे तर, शंभर मुलांच्या रांगेत मधोमध, पन्नासाव्या जागी उभे असलेले मूल ढोबळ मानाने एकसष्टाव्या जागी सरकले. वाढ झाली ती मुख्यतः तळाच्या मुलांची. कच्ची मुले ताईकडे गेल्याने वर्गात गर्दी कमी झाली, तरी मागे राहिलेल्यांच्या शिकण्यात त्याने काही भर पडली नाही. म्हणजे काम केले ते त्या मुलीने, जागेने नव्हे. आणि जे गैरसोयीचे तेही सांगितले पाहिजे: कार्यक्रम संपल्यावर एका वर्षाने पाहिले तेव्हा ही वाढ विरत विरत सुमारे ०.१० वर आली होती. बॅनर्जी आणि डफ्लो यांना पुढे २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांनी पाहिलेली ती मुले आपल्या पोळांतली होती, हे आपल्या गावी नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सबंध राज्यात शिक्षण सक्तीचे केले, हे मात्र आपण प्रत्येक समारंभात सांगतो.

आता माझाच एक दोष सांगतो. काही वर्षांपूर्वी मजकडे एक मुलगी प्रवेशिकेच्या परीक्षेस बसली. मी तिच्याकडून अभ्यासक्रमातील राग, बंदिशी, ताना सहा महिने घोटून घेतल्या. परीक्षक काय विचारतात ते मला ठाऊक होते. तिला विशेष योग्यता मिळाली आणि मी पेढे वाटले. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी तिला बोलावून तंबोरा अर्ध्या सुराने उतरविला आणि षड्ज लाव म्हणाले. तिला तो सापडेना. ती जुन्याच पट्टीत गात राहिली. वडील मला काही बोलले नाहीत. त्यांनी तंबोरा पुन्हा चढवून दिला आणि तिला भूपाची सरगम म्हणावयास सांगितली. ती पुढे गाणे सोडून गेली. तिचे प्रमाणपत्र अजून माझ्या वर्गाच्या भिंतीवर आहे, आणि नवे पालक ते पाहूनच मुलांना दाखल करतात.

म्हणून शाळेचा आकडा पुढल्या वर्षी सत्तेचाळीसावरून सत्तरावर गेला, तरी मी अप्पांना तेच दुसरे पान उलटावयास सांगेन. चाचणीच्या आधी महिनाभर तेच ते प्रश्न घोटून घेतले, तर एकोणीस मुलांच्या वर्गात तेवढे सहज साधते.

मात्र यावरून पत्रक टाकून द्यावे असे कोणी समजू नये. घसरण नाही म्हणून सारे ठीक आहे, असे नाही. एकोणीसांपैकी दहा मुलांना तिसरीचे येत नाही, हे त्या कागदावर आहे आणि ते खरे आहे. गेल्या वर्षी आठांना येत नव्हते, तेव्हा आम्ही हारतुरे घेऊन वार्षिकोत्सवाला गेलो होतो आणि कोणी काही विचारले नव्हते. मी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो आणि प्रश्नवार तक्ता मागितला. त्यांनी कपाटातून तो लगेच काढून दिला. आजवर कोणी मागितलाच नाही, म्हणाल्या. त्यात दिसले ते असे: हातच्याची वजाबाकी दहापैकी आठ मुलांची चुकली आहे, आणि लांब प्रश्न नऊ जणांनी कोराच सोडला आहे. ताई मुलांकडून वाचन करून घेते ते शब्दांचे आणि लहान वाक्यांचे. वजाबाकीला ती आलेलीच नाही, कारण तिला तसे कोणी सांगितले नव्हते. मंडळाने तिला मानधन दिले, पण दोन वर्षांत एकदाही तिच्यापाशी बसून या मुलांना काय येते हे विचारले नाही. त्या मंडळाचा मीही सभासद आहे.

मंडळाची सभा रविवारी सायंकाळी सहा वाजता आहे. ताईलाही बोलवावे असे मी सुचविले आहे. अप्पा प्रथम म्हणाले, सभासदांच्या सभेत ती कशाला? मग म्हणाले, येऊ दे. प्रश्नवार तक्ता मी त्यांच्याकडेच ठेवला आहे. काल सकाळी जाता जाता खिडकीतून पाहिले तो ते चष्मा लावून, हाती पेन्सील घेऊन त्याच्यावर बसले होते. मला हाक मारून त्यांनी विचारले, "मास्तर, हा सातवा प्रश्न मलाही दोनदा वाचावा लागला. हा तिसरीच्या पोराला घातला कोणी?"