मागणे नव्हे, बिल पाठवणे



गेल्या महिन्यात रविवारची वंदना आटोपून विहाराबाहेर पडत होतो. तेवढ्यात वस्तीतील एक आई मुलाची वही घेऊन समोर आली. मुलगा आयटीआय झालेला आहे. एसी, फ्रीज, कूलर, पाण्याचे फिल्टर सगळे दुरुस्त करतो. हाताला चांगला आहे आणि नागपूरसारख्या गावात उन्हाळ्यात अशा माणसाला जेवायला फुरसत नसते. आई म्हणाली, "भाऊ, पोरगा सकाळी निघते तं राती येते, पण घरात पैसा काही दिसत नाही. पाहा बरं ही वही."

वही पाहिली. "धरमपेठ मॅडम, गॅस भरला, बाकी ७००." तारीख नाही, एकूण किती झाले ते नाही, आधी किती दिले तेही नाही. पुढच्या पानावर "कूलर काका, पंप." बस्स. मुलाला बोलावले आणि विहाराच्या ओट्यावरच बेरीज मांडली. लोकांकडे बाकी निघाली ३८,४०० रुपये. त्यातले ११,२०० एकट्या एका गृहनिर्माण सोसायटीकडे, जवळजवळ दोन वर्षांपासून.

मी विचारले, अरे, मागत का नाहीस? तो खाली पाहून म्हणाला, "काका, मांगाले लाज वाटते. दारात उभं राहून पैसे मांगतले का वाटते, भीक मांगून रायलो."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण ही लाज त्याची एकट्याची नाही. काम करून घ्यायचे आणि मोबदला मर्जीने द्यायचा, हा अनुभव आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले, ते आठवा. वतनदार महाराने सरकारची आणि गावाची कामे रात्रंदिवस करायची आणि बलुत्याचे धान्य मात्र गावकऱ्यांच्या खुशीवर. नाराज झाले की बलुते बंद. या बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर व्हावे आणि ती रक्कम सरकारने साऱ्याबरोबर वसूल करावी, अशी त्या विधेयकात मागणी होती. म्हणजे कामगाराने दारोदार जाऊन हात पसरायचा नाही. किती आणि केव्हा, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. वतने पुढे कायद्याने गेली. पण मनातले बलुते गेले का, हा प्रश्न त्या मुलाच्या वहीने मला विचारला.

बिलावर क्रमांक, तारीख आणि रक्कम असली की बोलणे बदलते. मग तुम्ही पैसे मागत नाही. बिल क्रमांक ४७ चे काय झाले, एवढेच विचारता.

तेव्हा आधी बिल, निरोपाचे साधन नंतर. मी त्याला सर्वप्रथम साधे छापील क्रमांकाचे बिलबुक आणायला लावले, कार्बन घालून दोन प्रती निघतात ते. वर गिऱ्हाइकाचे पूर्ण नाव व पत्ता. खाली केलेले काम, सामानाचे पैसे वेगळे आणि मजुरी वेगळी. ही वेगळी लिहायचीच, कारण एकत्र लिहिली की लोक मजुरीतच कापाकापी करतात. मग मिळालेली आगाऊ रक्कम, बाकी आणि ती कोणत्या तारखेपर्यंत द्यायची. आपल्या प्रतीवर गिऱ्हाइकाची सही. दुकानदाराने त्याला 'टॅक्स इन्व्हॉइस' छापलेले बुक दिले होते, ते परत करायला लावले. आपल्याकडे नुसती सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावणे हा गुन्हा आहे. बिल भारदस्त दिसावे म्हणून कुणी १८ टक्के लावत असेल तर त्याने आजच थांबावे.

आता मोबाइलचे. खातेबुक, ओके क्रेडिट यांसारखी उधारीची ॲप आहेत. त्यांत नाव आणि बाकी टाकली की गिऱ्हाइकाला आठवण पाठवता येते. व्यापारसारखी बिल करण्याची ॲप आहेत. व्हॉट्सॲपचे धंद्यासाठीचे वेगळे ॲप फुकट मिळते. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला 'पैसे बाकी', 'पैसे मिळाले' अशी रंगीत चिठ्ठी लावता येते आणि नेहमीचा मजकूर साठवून ठेवता येतो. माझे मत विचाराल तर एकट्याने काम करणाऱ्याला, महिन्याला तीस-चाळीस बिले असतील तर, बिलबुक आणि हे व्हॉट्सॲप एवढे पुरे आहे. हाताखाली दोन माणसे आली किंवा जीएसटी लागू झाला की बिलाचे ॲप घ्यावे. मात्र घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. फोन चोरीला गेला तर हिशेब परत मिळेल का, आणि ॲप सोडायचे ठरवले तर आपली सगळी यादी कागदावर काढून घेता येईल का? फुकटची मुदत संपल्यावर वर्षाला किती पडतील, हे तर विचारायचेच. आणि ॲपने उद्या कर्ज देऊ केले, तर बटण दाबण्याआधी घरात विचारावे.

मुलाची बायको बारावी झालेली आहे. बिलबुक आणि फोनवरची चिठ्ठी संध्याकाळी जुळवण्याचे काम तिने घेतले. तो अंगमेहनतीने इतका थकून येतो की त्याच्याकडून हे झालेच नसते. पहिल्याच आठवड्यात तिने दोन बिले अशी काढली, ज्यांवर कॉम्प्रेसरचे पैसे लिहिले होते आणि मजुरी लिहायचीच राहिली होती.

आठवण कशी पाठवायची, यावर आमचा थोडा वाद झाला. त्याने लिहिले होते, "मॅडम, घरी अडचण आहे, जमल्यास प्लीज पाठवा." ते मी खोडले. त्याच्या घरी अडचण नसती तरी पैसे देणे लागतातच. शेवटी मजकूर असा ठरला: "नमस्कार. १२ मार्च रोजी केलेल्या एसी सर्व्हिसिंगचे बिल क्र. ४७, बाकी १,४५० रुपये. देण्याची तारीख २० मार्च होती. बिलाचा फोटो व क्यूआर सोबत पाठवत आहे. धन्यवाद." तारीख उलटल्यावर तिसऱ्या दिवशी एक, दहाव्या दिवशी दुसरी, त्यानंतर फोन. रात्री नाही, सणाच्या दिवशी नाही, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तर कधीच नाही. चारचौघांत नाव काढले की माणूस पैसे देतो, पण पुन्हा बोलावत नाही.

दुसरी आठवण कामाची. ही तर खरी कमाई आहे आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही. त्याच्या फोनमध्ये दीडशेच्या आसपास गिऱ्हाइके होती, पण "कूलर काका ३" अशा नावांनी. आता नाव, वस्ती, मशीन आणि शेवटच्या कामाचा महिना असे लिहिले आहे. कूलरवाल्यांना होळीच्या आधी, एसीवाल्यांना फेब्रुवारीत, फिल्टरवाल्यांना बदलाची तारीख आली की एक ओळ जाईल. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी केली तर ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. म्हणून काम संपले की समोरच नंबर जतन करून घ्यावा.

तथागतांनी कोलिय दीघजाणूला गृहस्थाचे हित सांगताना कष्टाने मिळवलेल्या धनाच्या रक्षणालाही स्थान दिले आहे. त्यात चोर, आग, पूर यांची नावे आहेत. 'नंतर देतो' म्हणणाऱ्याला मी त्याच यादीत धरतो.

राहिली सोसायटी. पैसे वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून बाकी कबूल केली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. म्हणून घाई होती. फोनमधले जुने निरोप आणि फोटो पाहून कामांच्या तारखा लावल्या, पत्र लिहिले आणि पोच घेऊन दिले. त्याची उद्यम नोंदणीही केली. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, दलालाला पैसे देऊ नका. अशी नोंदणी असलेल्या लघुउद्योजकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाहीत, त्यानंतर व्याज चढते. पण नोंदणी कामाच्या आधीची असलेली बरी. जुन्या बाकीसाठी मी हा मुद्दा ताणला नाही.

सोसायटीने ६,००० चा चेक दिला. उरलेले ५,२०० दिवाळीपूर्वी देऊ, असे सही-शिक्क्यानिशी लिहून दिले आहे. सुनेने ती तारीख फोनमध्ये घातली आहे, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरही.