सदरा मापाचा की नावाचा?

गेल्या जूनमध्ये माझा भाचा घरी आला तो दोन्ही हातांत चकचकीत पिशव्या घेऊन. अभियांत्रिकीची पदवी नुकतीच हाती आलेली, पुण्यातील एका कंपनीत पहिली नोकरी लागलेली आणि चार दिवसांवर रुजू व्हायचे होते. "मामा, ऑफिससाठी चार शर्ट घेतले," असे मोठ्या हौसेने सांगत त्याने एकेक शर्ट दिवाणावर मांडला. प्रत्येकाची किंमत तीन हजारांच्या पुढे! रक्कम सहा मासिक हप्त्यांत फेडायची होती आणि पहिला पगार तर अजून व्हायचाच होता. त्याने एक शर्ट अंगात घातला. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती, कफ तळहातावर आला होता आणि बंद कॉलरमध्ये मान मोकळेपणाने फिरत होती. "दुकानात म्हणाले, सध्या असंच चालतं," तो म्हणाला. माझी बहीण कौतुकाने पाहत होती. तिचा हिरमोड करणे माझ्या जिवावर आले. पण बोलणे भाग होते.

त्या वेळी मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते कारकून होते. कचेरीत जाण्यासाठी त्यांच्याकडे दोनच पांढरे सदरे असत. एक अंगावर, एक दोरीवर. आई धुताना नीळ घाली, रात्री तांब्यात निखारे घालून इस्त्री होई आणि घडी केलेला सदरा गादीखाली जाई. कॉलर विरली की शिंपी ती उसवून उलटी लावून देई आणि सदऱ्याला आणखी वर्षभराचे आयुष्य मिळे. वडिलांना कुणी कधी मळक्या वा चुरगळलेल्या कपड्यांत पाहिले नाही. त्यांचे साहेब त्यांच्या कपड्यांविषयी कधी बोलले नाहीत आणि माझ्या मते कचेरीच्या पोशाखाची खरी कसोटी हीच आहे. समोरच्याचे लक्ष आपल्या कामाकडे जावे, कपड्यांत अडकू नये.

'एक नूर आदमी, दस नूर कपडा' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. म्हण खोटी नाही. घोटाळा एवढाच झाला, की ते दहा नूर आपण किमतीच्या चिठ्ठीवर मोजू लागलो. दुसरीकडे, समाजकार्यात वावरणाऱ्या आपल्या मंडळींत याच्या नेमका उलट दोष आढळतो. चुरगळलेला सदरा, तुटलेले बटण, काळवंडलेली कॉलर आणि त्यावर 'आम्ही साधे लोक' हे समर्थन! साधेपणा म्हणजे गबाळेपणा नव्हे आणि नीटनेटकेपणा म्हणजे उधळपट्टीही नव्हे. बँकेच्या खिडकीशी आलेला पेन्शनर, न्यायालयात वकिलाकडे डोळे लावून बसलेला पक्षकार यांना समोरच्या नीटनेटक्या माणसाविषयी विश्वास वाटतो. पोशाख हा त्यांचा मान राखण्याचा एक मार्ग आहे. २०२० च्या महासाथीनंतर घरून काम करण्याची सवय जडली आणि अनेक कार्यालयांत कॉलर हद्दपार झाली, हे खरे. परंतु जिथे चार माणसे समोर येतात, तिथे शर्टाचे स्थान अजून गेलेले नाही.

मग शर्ट निवडावा कसा? सर्वप्रथम माप. तयार शर्टावरील ३९, ४०, ४२ हे आकडे छातीचे आहेत, असा पुष्कळांचा समज असतो. औपचारिक शर्टावर तो आकडा बहुधा कॉलरचा, म्हणजे मानेच्या घेराचा, सेंटिमीटरमधला असतो. वरचे बटण लावल्यावर कॉलर आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे जावीत. त्याहून अधिक जागा नको, कमीही नको. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी थांबावी. बाही मनगटाचे हाड झाकून अंगठ्याच्या मुळाशी संपावी. पोट सैल असेल तर शिंपी आत घेऊ शकतो, बाही लांब असेल तर आखूड करू शकतो; पण चुकलेला खांदा दुरुस्त करणे म्हणजे जवळजवळ नवा शर्ट शिवणेच होय. म्हणून आधी खांदा पाहावा, बाकी सारे नंतर.

दुसरे कापड. कापसाचा धागा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा हवेतून सहज धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मे महिन्यात ठाण्याहून गर्दीच्या लोकलने निघालेल्या माणसाला यातील फरक कुणी शिकवावा लागत नाही. आमच्या लहानपणी टेरिकॉटची मोठी मिजास होती. इस्त्री नको, धुतले की वाळले. सोय होतीच, पण घाम अंगातच मुरायचा. आज 'सुरकुत्या न पडणारा' म्हणून सुती शर्टही मिळतो. त्या सुताच्या तंतूंना रेझिनची प्रक्रिया करून एकमेकांशी बांधलेले असते. त्यामुळे घडी मोडत नाही, मात्र कापडाची ताकद काहीशी घटते. हे जाणून घेऊन तो घ्यावा.

कापडावर ४०, ६०, ८०, १०० असे काउंट सांगितले जातात. एक पौंड सुतात ८४० वारांच्या किती लडी भरतात, त्याचा तो आकडा. आकडा चढतो तसे सूत बारीक होते आणि कापड तलम. पण तलम म्हणजे टिकाऊ नव्हे. रोजच्या धुण्याला मध्यम सुताचे पॉपलिन किंवा तिरप्या विणीचे ट्विल उत्तम. ऑक्सफर्ड थोडे जाड, थंडीच्या दिवसांना बरे. रेघांचा शर्ट असेल तर खिशावरच्या रेघा अंगावरच्या रेघांशी जुळतात का, हे पाहावे. तेवढ्यावरून शिवणाऱ्याची निष्ठा कळते. टाके बारीक व दाट असावेत. कॉलरच्या आतले बकरम हलके असेल तर चार धुण्यांत तिच्यावर फुगे येतात.

तिसरी गोष्ट संख्या. पाच दिवसांच्या कार्यालयाला पाच शर्ट पुरेत. दोन पांढरे, दोन आकाशी, एक बारीक रेघांचा. हे कोणत्याही रंगाच्या पँटवर चालतात आणि आलटून पालटून वापरल्याने टिकतातही. सरकारनेही नकळत एक लक्ष्मणरेषा आखून दिली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे, तर त्यापुढील कपड्यावर १८ टक्के. पहिल्या नोकरीतल्या तरुणाने ती रेषा ओलांडावी असे कोणते कारण आहे?

नावाचे म्हणाल तर लुई फिलिप, पीटर इंग्लंड, ॲलन सॉली ही नावे ऐकून आपण सातासमुद्रापार पोहोचतो. भारतात ही तिन्ही नावे आदित्य बिर्ला समूहाच्या मालकीची आहेत. त्यात गैर काही नाही. आपल्या उद्योगाने हे केले, याचा आनंदच आहे. सांगायचे ते एवढेच, की नाव हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र मानून डोळे मिटू नयेत.

खरे दुखणे निराळेच आहे. ज्या मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली आणि ज्या इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, त्या आपल्या प्रांतात कापड पारखणे ही घरोघरची विद्या होती. गिरणगावातला कामगार सूत ओळखे. आपल्या आया-मावश्या चिमटीत पोत चुरगळून पाहत आणि मगच थान उलगडायला सांगत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले; पुढे तयार कपड्यांची सवय लागली आणि ती पारखही हातातून निसटली. ज्याला कापड कळत नाही, त्याला नावावरच विसंबावे लागते. ती विद्या पुन्हा घरात आणणे कठीण नाही. घरातल्या कपाटात लग्नकार्यांत आहेर म्हणून आलेले शर्टपीस पडून असतात. त्यांतला निव्वळ सुती तुकडा निवडावा, आधी पाण्यातून काढावा म्हणजे शिवल्यावर आटणार नाही, आणि गल्लीतल्या शिंप्याकडे न्यावा. तो माप घेईल तेव्हा मुलाला सोबत ठेवावे. मुलगी नोकरीला निघाली असेल तर तिलाही.

भाच्याने न वापरलेले तीन शर्ट दुसऱ्या दिवशी परत केले. चौथा आमच्या शिंप्याने होईल तेवढा आत घेतला. खांदा मात्र अजून थोडा उतरलेलाच आहे. उरलेल्या पैशांत दोन साधे शर्ट आले आणि आहेरातल्या कापडाचे दोन शिवले. पहिला पगार झाला त्या रविवारी त्याचा फोन आला. वडिलांसाठी शर्ट घ्यायचा होता आणि त्यांच्या कॉलरचा आकडा घरात कुणालाच ठाऊक नव्हता. वडील "मला कशाला?" म्हणत होते. "टेप आण आणि मान मोज," मी म्हणालो. थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला, "मामा, एकोणचाळीस. आणि बाबा इतकी वर्षं बेचाळीसचा घालतायत."