हॉप्सचा दावा आणि मात्रेचा हिशेब



बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांतील द्रव्ये लठ्ठपणा आणि रक्तशर्करा आटोक्यात आणतात, हा दावा निराधार नाही. परंतु तो कोणावर, किती मात्रेत आणि कोणत्या स्वरूपात तपासला गेला हे वगळून छापला गेला, तर मधुमेही वाचकाची दिशाभूल होते.

या फुलांतील झँथोह्युमॉल हे पिवळे द्रव्य फ्लॅवोनॉइड या वनस्पतिजन्य गटातले आहे. अमेरिकेतील ऑरेगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्निग्ध आहारावर लठ्ठ झालेल्या उंदरांना ते १२ आठवडे, वजनाच्या प्रतिकिलो ६० मिलिग्रॅमपर्यंत दररोज देण्यात आले आणि सर्वोच्च मात्रेत एलडीएल हे घातक कोलेस्टेरॉल सुमारे ८० टक्क्यांनी, तर रक्तातील इन्सुलिन ४२ टक्क्यांनी घटले. माणसासाठी ही मात्रा दिवसाला सुमारे ३५० मिलिग्रॅम होते. बिअर करताना हॉप्स उकळल्यामुळे बहुतेक झँथोह्युमॉलचे आयसोझँथोह्युमॉलमध्ये रूपांतर होते, आणि एका लिटर बिअरमध्ये झँथोह्युमॉल जेमतेम ०.२ मिलिग्रॅम उरते. म्हणजे तेवढ्यासाठी दीड हजार लिटरहून अधिक बिअर लागेल. शिवाय आयसोझँथोह्युमॉलपासून आतड्यातील जिवाणू ८-प्रेनिलनॅरिंजेनिन हे, इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा प्रभावी परिणाम करणारे द्रव्य तयार करतात. म्हणूनच त्याच विद्यापीठात पुढे हा दोष नसलेल्या सुधारित रेणूंवर काम झाले, आणि हीच वाट अधिक आश्वासक आहे.

माणसांवरील पुरावा तुटपुंजा असला तरी शून्य नाही. जपानमधील किरिन या बिअर कंपनीच्या संशोधकांनी जास्त वजनाच्या २०० व्यक्तींवरील चाचणीत हॉप्सची परिपक्व कडू आम्ले असलेले पेय १२ आठवडे दिले, तेव्हा पोटातील चरबी घटली; मात्र चाचणी उत्पादनाशी हितसंबंध असलेल्यांचीच होती. याउलट हॉप्सच्या कडू आम्लापासून बनवलेल्या केडीटी-५०१ या औषधाच्या अवघ्या ९ जणांवरील चाचणीत इन्सुलिनचा परिणाम मोजण्याइतका सुधारला नाही.

म्हणून अशा प्रत्येक बातमीत प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, मात्रा किती होती आणि खर्च कोणी केला, हे मजकुरातच छापले जावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या रक्तशर्करा उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत तर हे अत्यावश्यक आहे, कारण मद्य यकृतातील साखरनिर्मिती रोखते आणि औषध म्हणून बिअर घेणाऱ्याची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.