वजनकाटा आणि टेस्टोस्टेरॉन
तरुण पैलवानाचे टेस्टोस्टेरॉन घटण्याचे एक मोठे कारण वजनकाट्यावरच सापडते. 2025 मध्ये अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा रंगली. किताबाच्या गटाला 86 ते 125 किलोची ऐसपैस मुभा, पण खालच्या गटांत मर्यादेबाहेर वजन भरले की पैलवान बाद. मग जेवण तोडायचे, पाणी बंद, अंगात स्वेटर घालून पळायचे. उपाशी शरीरात मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश मंदावतो, हे संप्रेरक उतरते. खुराक पूर्ववत झाला की बहुधा सावरते. उलट, पोट सुटलेल्यांत चरबी टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन करते. टोचून घेतलेले स्टेरॉइड तर शरीराची स्वतःची निर्मितीच दाबते. तालमीतला सर्वांत घातक ‘खुराक’ तोच. टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी, उपाशीपोटी, दोनदा करावी. वजन उतरवण्याच्या आठवड्यातला अहवाल प्रमाण मानू नये.