कूलर पाहावा लावून

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' असं सांगून गेलेल्या आपल्या पूर्वजांनी बाजारात जुना कूलर घेतला नव्हता, हे उघड आहे. घेतला असता, तर म्हणीला तिसरा पाय फुटला असता. आणि तिसरा पाय किती महत्त्वाचा असतो हेही त्यांना कळलं असतं. ते पुढे येईलच.

होळी जळली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पारा चढू लागतो आणि मे महिन्यात तो माझ्या वयाशी बरोबरी करतो. मी पंचेचाळिशीत आहे. मग यवतमाळ असो, पुसद असो, वणी असो की दारव्हा, माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात : पाणी आणि कूलर. नवा परवडत नाही किंवा परवडूनही जीव होत नाही, असे लोक आठवडी बाजाराच्या कडेला आणि कबाड्याच्या दुकानापुढे गोळा होतात. विलायतेत म्हणे लोक मोटारीच्या डिकीत घरातलं जुनं सामान घालून मैदानावर विकायला आणतात. आमच्याकडे डिकीच्या जागी हातगाडी असते, एवढाच फरक.

तिथला संवाद ठरलेला असतो. गिऱ्हाईक विचारतं, "चालू आहे ना?" विकणारा तोंडाने उत्तर देत नाही. तो पात्याला बोटाने टिचकी मारतो. पातं गरगर फिरतं. "पाहा जी, कसा फिरते! हवा फर्स्ट क्लास."

"लाइटवर लावून दाखवता का?"

"आता ह्या मैदानात लाइट कुठून आनू भाऊ? घरी नेऊन लावा. नाही चालला तर पुढच्या बाजारी घेऊन या."

"शॉक वगैरे?"

"नाही जी! लोखंडाचा डबा हाय, त्यात पानी हाय, थोडा झनझन करनारच. चप्पल घालून पानी भरा."

आणि गिऱ्हाइकाचं समाधान होतं! दोनशे रुपये कमी करून घेण्यासाठी तो अर्धा तास घासाघीस करतो. पण ह्या 'झनझन'वर अर्धा मिनिटही बोलत नाही.

आता याच जिल्ह्यात बैल घेणारा माणूस पाहा. तो आधी जनावराचा जबडा उघडून दात मोजतो. दोन दाती आहे, चार दाती आहे, की जुळलाय? मग खूर पाहतो, शेपटी पिरगाळतो, डोळ्यांपुढे हात हलवतो, चार पावलं चालवून बघतो. एवढं झाल्यावर रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. बैल मारका निघाला तरी त्याचं शिंग येताना दिसतं. कूलरचं दिसत नाही. तरी त्याचे दात कुणी मोजत नाही. आणि मोजायचे असतात फक्त तीन.

आम्ही बँकेतली माणसं तर त्याहून थोर. दिवसभर पाचशेची नोट उजेडाकडे धरून आतले गांधीजी दिसतात का ते पाहायचं, सोनं तारण घेताना कसोटीवर घासून घ्यायचं, सहीत एक वेलांटी चुकली तर चेक परत करायचा. आणि संध्याकाळी त्याच पाचशेच्या चार नोटा मोजून देऊन, वायरीला तीन ठिकाणी चिकटपट्टी लावलेला कूलर ऑटोत घालून घरी न्यायचा! आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने 'दोन हजारात मिळाला' या आनंदात सगळ्या शाखेला चहा पाजला. 'स्वस्तात मिळाला' ही मध्यमवर्गाची पद्मश्री आहे. ती राष्ट्रपतींच्या हस्ते न मिळता कबाड्याच्या हस्ते मिळते, एवढंच.

मी कॉमर्सचा पदवीधर. विजेतलं मला फारसं कळत नाही, पण भागाकार येतो. घरातली वीज २३० व्होल्टची. अनवाणी, ओल्या अंगाच्या माणसाचा विरोध साधारण १,००० ओहम धरा. भागाकार केला की अंगातून जाणारा करंट येतो २३० मिलिअँपिअर. त्यातला ३० च्या पुढचा आकडा जाणकार धोक्याचा धरतात. आणि ज्याच्या भरवशावर आपण निवांत झोपतो तो फ्यूज असतो ५ अँपिअरचा, म्हणजे ५,००० मिलिअँपिअरचा. माणूस जाईल, फ्यूज जागचा हलणार नाही. तो बिचारा वायर वाचवायला बसवलेला आहे, तुम्हाला नव्हे. त्यातून तो सारखा उडतो म्हणून कुणीतरी त्या किटकॅटमध्ये चांगली जाड तार बसवलेली असते. म्हणजे वायरही वाचायची नाही.

आता तो तिसरा पाय. तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब असते, ती काही शोभेसाठी नाही. प्लग लावताना तिचा संबंध आधी जमिनीशी जुळावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा, म्हणून ती लांब. कूलरच्या पत्र्यात वीज उतरलीच, तर तिने माणसाऐवजी या वाटेने जमिनीत जावं, अशी ती व्यवस्था. जुन्या कूलरचा नेमका हाच पाय तुटलेला असतो. आधीच्या मालकाच्या घरी सॉकेट दोन भोकांचं होतं, म्हणून त्याने तो कापलेला. कुठे कुठे तर प्लगच नसतो. वायरीची दोन उघडी टोकं भोकांत खुपसून काडीपेटीच्या काड्या ठोकलेल्या असतात. आत पाण्यातल्या पंपाच्या वायरीला जोड, तळाला गंज, आणि हे सगळं झाकायला बाहेरून चकचकीत चंदेरी रंग.

यावर आपण केलेले उपाय ऐका. एक म्हणजे चप्पल. आपण देवघरापुढे चप्पल काढतो आणि कूलरपुढे घालतो. दुसरा, उलट्या हाताने पत्र्याला हलकेच शिवून पाहणे. तिसरा सर्वांत शास्त्रीय : दोन पिनांचा प्लग उलटा करून लावणे. झटका कमी होतो म्हणे! बिघाड जिथल्या तिथेच राहतो. आणि उद्या घरातलं पोरगं तोच प्लग सुलटा लावतं.

'कूलरचा शॉक लागून मृत्यू' ही बातमी विदर्भातल्या पेपरात दर उन्हाळ्यात येते, पुन्हा पुन्हा येते. २००५ साली वीज मंडळाचं महावितरण झालं (आम्ही अजून बोर्डच म्हणतो), ते दर उन्हाळ्यात बजावतं : पाणी भरण्याआधी प्लग काढा, तीन पिनांचा प्लग लावा, अर्थिंग तपासून घ्या. आपण ते वाचतो, हळहळतो आणि त्याच पेपराने कूलरच्या जाळीवरची धूळ पुसतो.

कायदा काही करणार नाही का? बी.कॉम.ला आम्हाला १९३० चा मालविक्री कायदा होता. त्याच्या कलम १६ चा मथितार्थ असा, की काही अपवाद सोडले तर मालाच्या दर्जाची हमी आपोआप मिळत नाही. गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवावेत. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, त्याच्या जागी २०१९ चा आला, आणि ग्राहक राजा झाला. पण या राजाला दरबारात जाताना हातात बिल लागतं. मैदानातल्या कूलरचं बिल कसलं? आणि विकणारा पुढच्या आठवड्यात भलत्याच गावच्या बाजारात.

गंमत पाहा, याच बाजारात वांगी विकणाऱ्या बाईच्या किलोच्या वजनावर सरकारी शिक्का लागतो. पन्नास ग्रॅम वांगी कमी पडू नयेत म्हणून वजनमापे खातं आहे. जीव कमी पडू नये म्हणून बाजारात कोणीही उभं नाही.

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, तुम्हाला पहिल्या तारखेला पगार होतो. ज्याला नवा घेणं शक्य नाही त्याने पंचेचाळीस डिग्रीत काय करावं?" बरोबर आहे. जुना कूलर घ्यायला माझी हरकत नाही. घासाघीसही करा. पण ज्याला गरजेपोटी जुनं घ्यावं लागतं, त्याला ते तपासलेलं मिळायला नको का? आणि हे कूलर बाजारात येतात तरी कुठून? ते आपल्याच घरून येतात. झटका देऊ लागला की आपण नवा घेतो आणि जुना कबाड्याला विकतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना उदार मनाने देऊन टाकतो. "घेऊन जा हो, चांगला चालतो. फक्त चप्पल घालून पाणी भरा." तिच्या घराला पत्र्याच्या भिंती, एक सॉकेट, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि कूलरशी खेळणारी दोन लेकरं. याला आपण दान म्हणतो. आमच्या बँकेच्या भाषेत हे बुडीत खातं दुसऱ्या शाखेत ट्रान्सफर करणं आहे.

हिशेबाच्या वहीत जुन्या वस्तूवर दरवर्षी घसारा लागतो, तिची किंमत कमी होत जाते. धोका मात्र दरवर्षी वाढतो आणि त्याला कुठल्याच वहीत रकाना नाही. तो रकाना भरते दुपारी दोन वाजता ओल्या फरशीवर उभी राहून कूलरमध्ये बादली ओतणारी बाई. भाव ठरवायला ती बाजारात नव्हती.

म्हणून सांगतो. झटका देणारा कूलर विकायचा असेल तर दुरुस्त करून विका. नाहीतर वायर कापा आणि किलोच्या भावाने भंगारात घाला. घेणाऱ्याने वायरमनकडून घरचं अर्थिंग पाहून घ्यावं, कारण भिंतीतलं तिसरं भोक पुष्कळदा नुसतंच भोक असतं. ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी दीड-दोन हजारांच्या घरात बसतो. म्हणजे त्या 'स्वस्तात मिळालेल्या' कूलरएवढ्याच पैशात!

आणि बाजारात बसणाऱ्याकडून फीची पावती फाडणाऱ्यांनी उन्हाळ्यापुरतं तिथे एक टेबल, एक वायरमन आणि अर्थिंगवालं एक सॉकेट ठेवावं. आयटीआयची पोरं हे काम हसत करतील. मग पात्याला टिचकी मारणारा तोच गडी म्हणेल, "या जी, लावून पाहा."

तोवर तुम्ही गेलात, तर भाव शेवटी विचारा. आधी वायर हातात घ्या, टोकापर्यंत जा आणि दात मोजा. दोनच निघाले, तर बैलाच्या बाजारात म्हणतात तसं म्हणून पुढे चला :

"जनावर मारकं हाय, भाऊ."